एक कर्नेल, अनेक यंत्रे

संगणकाच्या कर्नेलमधील हेडर फायलींची साफसफाई हा विषय नागरिकांपुढे मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका कित्येकांस येईल. संगणकाविषयी ऐकावयाचे तर त्याच्या करामती ऐकाव्यात. त्याच्या पोटातील दप्तर कोणी कसे लावले याच्याशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन असतो, त्याच्या मुळाशी लिनक्स नावाचे कर्नेल आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तीतील सर्वच्या सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत. मान्सूनच्या अंदाजासाठी इ.स. २०१८ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बसविलेल्या 'प्रत्यूष' महासंगणकाचाही पाया हाच होता. खिशातील फोन आणि दालन भरून टाकणारा महासंगणक यांचे प्रोसेसर निरनिराळ्या जातींचे, त्यांना कळणारी भाषाही निराळी. आणि तरी दोघांचे कर्नेल एकच. हे कसे साधले, आणि साधलेले टिकविण्यासाठी काय करावे लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम दोन-तीन शब्दांची ओळख करून घेऊ. इंग्रजीत 'कर्नेल' म्हणजे दाण्यातील गर. लष्करातील कर्नलसाहेबांशी त्याचा संबंध नाही. संगणकातील यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये जो मूळ प्रोग्राम उभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. स्मृतीतील जागा कोणाला किती द्यावयाची, प्रोसेसरचा वेळ कोणाला मिळावयाचा, फाइल कोणी वाचावयाची, हे सर्व तोच ठरवितो. दुसरा शब्द आर्किटेक्चर. प्रोसेसरला कोणत्या सूचना कळतात, तो स्मृतीची मांडणी कशी करतो, या सर्वांच्या ठरलेल्या रचनेला आर्किटेक्चर म्हणतात. आम्ही येथे त्यास 'घडण' म्हणू. इंटेलची घडण वेगळी, फोनमधील एआरएमची वेगळी. तिसरा शब्द हेडर फाइल. लिनक्स बहुतांशी सी भाषेत लिहिलेले आहे. सी भाषेतील फाइलीच्या माथ्यावर 'अमुक फाइल येथे घ्यावी' अशा ओळी असतात. कंपायलर, म्हणजे सी भाषेतील मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, त्या ओळीच्या जागी त्या फाइलीचा सगळा मजकूर जसाच्या तसा आणून ठेवतो. अशा माथ्यावर घ्यावयाच्या फायली म्हणजे हेडर. अनेकांना लागणाऱ्या व्याख्या, आकडे आणि लहान लहान कृती त्यांत एकदा लिहून ठेवलेल्या असतात.

घडणी कोणत्या बाबतीत वेगळ्या असतात? मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा तोंडाने पाच आधी उच्चारतो आणि वीस मागून; कागदावर मात्र दोनाचा अंक आधी लिहितो आणि पाचाचा नंतर. संख्या एकच, क्रम दोन. प्रोसेसरांचेही तसेच आहे. मोठी संख्या स्मृतीच्या अनेक खणांत ठेवावयाची असता इंटेलची घडण तिचा लहान भाग आधी ठेवते, तर सन कंपनीची स्पार्क ही घडण मोठा भाग आधी ठेवी. दुसरे उदाहरण स्मृतीच्या पानांचे. कर्नेल स्मृती पानापानाने वाटतो. इंटेलवर पान ४,०९६ बाइटांचे, तर डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या अल्फा घडणीवर ८,१९२ बाइटांचे. अशा भेदांची यादी बरीच लांब आहे. तथापि फाइलींची व्यवस्था, नेटवर्कचे नियम, कामांच्या रांगा यांसारखा कर्नेलचा फार मोठा भाग असा आहे की, त्याला यंत्र कोणते याच्याशी काही देणेघेणे नसते.

आपल्या पंचांगाची रचना आठवली म्हणजे ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. तिथी, नक्षत्रे, सण ही एकदाच छापतात. सूर्योदय मात्र गावोगाव वेगळा. नागपूरचा सूर्य मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो. म्हणून निरनिराळ्या गावांच्या फरकाचे एक कोष्टक जोडतात आणि काम भागते. आता समजा, प्रत्येक गावाने आपले पूर्ण पंचांग स्वतंत्र छापावयाचे ठरविले, आणि तेही शेजारच्या गावाचे समोर ठेवून नक्कल करून. मूळ प्रतीत एकादशी चुकलेली असेल तर ती चूक गावोगाव जाईल. आणि एका गावाने ती सुधारली तरी इतरांस त्याचा पत्ता लागणार नाही. लिनक्सच्या हेडर फायलींचा इतिहास हा पुष्कळसा असाच आहे.

इ.स. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहावयास घेतले ते स्वतःच्या घरच्या यंत्रासाठी. त्या यंत्रात इंटेलचा ३८६ प्रोसेसर होता, आणि लिनक्स त्याच्याशी घट्ट बांधलेले होते. दुसऱ्या यंत्रावर ते नेता येणार नाही, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले होते. इ.स. १९९२ च्या आरंभी संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्रू टॅनेनबाउम यांनी लिनक्सवर जी टीका केली, तीत हे एकाच घडणीला बांधून घेणे हाही एक आक्षेप होता. पुढे अल्फा यंत्रावर लिनक्स नेण्याचे काम टोरवाल्ड्स यांनीच अंगावर घेतले, आणि मार्च १९९५ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क व मिप्स या घडणींना जागा मिळाली. इ.स. १९९७ मध्ये त्यांनी विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधाचा विषयच मुळी लिनक्स ही अनेक यंत्रांवर नेता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, असा होता. सहा वर्षांत केवढे हे अंतर!

या काळात जी व्यवस्था बसली ती सोपी होती. प्रत्येक घडणीचे हेडर फायलींचे एक दालन. एक इंटेलचे, एक अल्फाचे, एक स्पार्कचे. कर्नेल बांधावयास घेतले की 'एएसएम' नावाची पाटी त्या त्या दालनावर लावावयाची. सामायिक मजकुरात नेहमी 'एएसएममधील पानाची फाइल घ्या' एवढेच लिहिलेले असे. ती पाटी अल्फावर असेल तर ८,१९२ मिळत, इंटेलवर असेल तर ४,०९६. व्यवस्था उत्तम, परंतु तिच्यात एक मोह दडलेला होता. नवी घडण आणणारा मनुष्य काय करी? तो बहुधा एखाद्या जुन्या घडणीचे, विशेषतः इंटेलचे, दालन उचलून त्याची नक्कल करी आणि लागेल तेथे बदल करी. त्यामुळे ज्या फायलींत काहीही फरक नव्हता त्याही दालनोदालनी वेगवेगळ्या नांदू लागल्या, आणि त्यांतील बारीकसारीक तफावत हेतुपूर्वक आहे की कोणाच्या नजरचुकीने राहिली आहे, हे सांगणे कठीण झाले.

या गोंधळाने केवळ टापटीप बिघडते असे नव्हे. त्यात धोका आहे, आणि तो कसा ते एका उदाहरणावरून पाहू. एखादा प्रोग्राम कर्नेलास सांगतो की, फाइलीतील मजकूर वाच आणि स्मृतीत अमुक पत्त्यावर ठेव. प्रोग्रामला स्वतःच्या आवारापलीकडे हात घालता येत नाही. कर्नेलास मात्र सर्वत्र मुभा असते. आता एखाद्या लबाड प्रोग्रामने कर्नेलच्याच आवारातील पत्ता दिला तर? कर्नेल आपल्याच हाताने आपला मजकूर खोडून त्या लबाडाचा मजकूर तेथे लिहून बसेल. म्हणून दिलेला पत्ता प्रोग्रामच्या आवारातीलच आहे ना, हे आधी तपासावे लागते. ही तपासणी म्हणजे देवडीवरचा पहारा होय. तो प्रत्येक घडणीत वेगळ्या हाताने लिहिलेला होता. इ.स. २०२२ मध्ये अर्न्ड बर्गमान यांनी हे सर्व पहारे एकत्र मांडून पाहिले, तेव्हा असे दिसले की, लिहिण्याच्या तऱ्हा नाना असल्या तरी अखेर त्या एकाच मर्यादेशी तुलना करतात, किंवा मुळीच अडवीत नाहीत. त्या ओघात एनडीएस३२ नावाच्या एका तैवानी घडणीतील दोष दुरुस्त करावा लागला. इ.स. २०१८ मधील एका बदलात तेथे वाचण्याच्या बाजूला नको असलेली एक जादा तपासणी आली होती आणि लिहिण्याच्या बाजूची हवी असलेली तपासणी गळून पडली होती. तीन वर्षांहून अधिक काळ ती देवडी उघडी होती. इतर घडणींतील पहारा शाबूत असल्याचा तिला काही उपयोग नव्हता, कारण तिचा पहारा तिने स्वतंत्र ठेवला होता. मे २०२२ मधील ५.१८ या आवृत्तीपासून बहुतेक घडणींना एकच सामायिक तपासणी लागू झाली. आता तीत दोष निघाला तर तो अनेकांच्या नजरेस पडेल, आणि एकदा दुरुस्त केला की सर्वत्र दुरुस्त होईल.

एकत्र आणण्याच्या या कामातील सर्वांत गाजलेले प्रकरण इंटेल घडणीचे. इ.स. २००३ मध्ये एएमडी कंपनीने त्याच घराण्यातील ६४ बिटांचे प्रोसेसर बाजारात आणले. लिनक्समध्ये त्यांच्यासाठी जुन्या ३२ बिटांच्या दालनाशेजारी दुसरे दालन उघडले गेले, आणि दोन्हींत पुष्कळसा मजकूर सारखाच राहिला. इ.स. २००७ मध्ये थॉमस ग्लायक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी ही दोन दालने एक करण्याचा प्रस्ताव मांडला. ६४ बिटांच्या शाखेचे पालक अँडी क्लीन यांचा त्याला विरोध होता, आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती. जुन्या यंत्रांच्या खोडी सांभाळता सांभाळता ३२ बिटांचे दालन अडगळीने भरले आहे. नवे दालन स्वच्छ आहे. दोन्ही एक केल्यास जुनी अडगळ नव्या घरात येईल, असे त्यांचे म्हणणे होते. एकीकरणवाल्यांचे म्हणणे असे की, अडगळ असो वा नसो, प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते आणि दुसऱ्यांदा करावयाची राहून जाते. अखेर त्यांची सरशी झाली, आणि जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत दोन्ही दालने एका छपराखाली आली.

ते ज्या रीतीने आणले ती रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रथम कोणत्याही मजकुरास हात न लावता फायली केवळ हलविल्या. एकाच नावाच्या दोन फायली असतील तर एकीच्या नावापुढे ३२ आणि दुसरीच्या पुढे ६४ हा आकडा लावला. आणि त्या दोहोंपैकी कोणती घ्यावयाची एवढेच सांगणारी एक छोटी फाइल मूळ नावाने ठेवली. म्हणजे सामान एका घरात आले, पण ट्रंका बंदच राहिल्या. त्यानंतर पुढील काळात एकेक जोडी उघडून, ओळीशी ओळ लावून, सारखे असेल ते एक करण्यात आले आणि खरोखर निराळे असेल ते निराळे ठेवण्यात आले. हलविणे आणि बदलणे ही दोन कामे एका वेळी केली असती तर काही बिघडल्यास ते कशाने बिघडले हे कळले नसते. घर बदलताना आपल्या गृहिणी हेच शहाणपण वापरतात.

फोनमधील एआरएम घडणीपुढे अडचण वेगळीच होती. तेथे प्रोसेसरची घडण एक, पण त्याच्याभोवती चिप बनविणाऱ्या कंपन्या अनेक. आणि प्रत्येकीने आपल्या चिपेसाठी वेगळे दालन थाटलेले. या दालनांतील हेडर फायलींची नावे सारखी आणि आतील आकडे मात्र वेगळे. एका वेळी पाटी एकाच दालनावर लागणार. त्यामुळे दोन चिपांवर चालेल असे एक कर्नेल बांधताच येईना. इ.स. २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी याविषयी उघड नापसंती दर्शविली. त्यानंतर यंत्राची माहिती, म्हणजे कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे इत्यादी, हेडरांतून काढून 'डिव्हाइस ट्री' नावाच्या स्वतंत्र तक्त्यात लिहिण्याचे काम नेटाने पुढे नेण्यात आले. कर्नेल सुरू होताना तो तक्ता वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून अनेक एआरएम चिपांसाठी एकच कर्नेल बांधता येऊ लागले. याच आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांनी हेडरांची आणखी एक वाटणी केली. कर्नेलच्या घरातला मजकूर एकीकडे, आणि बाहेरच्या प्रोग्रामांस पाहावयाचा मजकूर दुसरीकडे. माजघरातील बोलणे आणि ओसरीवरचे बोलणे यांत जो भेद आपण करतो, तोच हा.

ओसरीवरचा शब्द मात्र एकदा दिला की फिरविता येत नाही. प्रोग्राम कर्नेलकडे काम सांगतो ते क्रमांकाने. 'वाच' या कामाचा क्रमांक इंटेलच्या ३२ बिटांच्या घडणीत ३ आहे, ६४ बिटांच्या घडणीत ०, आणि ६४ बिटांच्या एआरएमवर ६३. एकच काम, तीन क्रमांक. पाहणाऱ्यास वाटेल, येथे तर साफसफाईची पराकाष्ठेची गरज आहे. परंतु येथे कोणी हात लावीत नाही, आणि लावूही नये. जुन्या प्रोग्रामांच्या अंगात हे क्रमांक कोरलेले आहेत. ते बदलले तर काल चालत असलेला प्रोग्राम आज बंद पडेल. बाहेरचे प्रोग्राम मोडावयाचे नाहीत, हा लिनक्सचा पहिला नियम होय. म्हणून इ.स. २०१९ मधील ५.१ आवृत्तीपासून एवढेच केले की, नवीन कामांस जवळजवळ सर्व घडणींत एकच क्रमांक द्यावयाचा. झाले ते तसेच राहू देऊन पुढचे सरळ करणे, हीही साफसफाईच आहे.

कधी कधी एखादा फरक काळाच्या ओघात आपोआप नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाला आहे हे कोणीतरी ओळखावे लागते. चार बाइटांची संख्या चाराच्या पाढ्यातील पत्त्यावर असावी, अशी बहुतेक प्रोसेसरांची अपेक्षा असते. ती आडव्या-तिडव्या पत्त्यावर असली तर इंटेलचा प्रोसेसर निमूटपणे वाचतो. स्पार्क वाचावयाचे नाकारतो. म्हणून अशी संख्या कशी वाचावी हे सांगणारी फाइल प्रत्येक घडणीत निराळी असे, आणि तसे असणे योग्यही होते. पुढे कंपायलर सुधारले. प्रत्येक घडणीसाठी योग्य त्या सूचना ते स्वतःच काढू लागले. इ.स. २०२१ मध्ये बर्गमान यांनी या फायलींचे एकीकरण केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अल व्हिरो यांनी अखेरचे पाऊल टाकले: या फाइलीत घडणीपुरते असे काहीच उरलेले नाही, तेव्हा ती घडणीच्या दालनात असण्याचे कारण नाही, असे म्हणून त्यांनी ती सामायिक दालनात हलविली. एक फाइल या दालनातून त्या दालनात गेली, इतकीच ही घटना; परंतु ती घडून येण्यास अनेक वर्षांचे काम मागे असावे लागले.

साफसफाई म्हटली की टाकून देणेही आलेच. डिसेंबर २०१२ मध्ये मोल्नार यांनी ३८६ प्रोसेसरचा आधार काढून टाकला, आणि फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ आवृत्तीपासून लिनक्स आपल्या जन्मस्थानी चालेनासे झाले. अनेक प्रोसेसर एकत्र चालविताना लागणाऱ्या काही सूचना ३८६मध्ये नाहीत. त्यामुळे त्या भागात काहीही बदलावयाचे झाले की त्या जुन्या यंत्राची वेगळी सोय करीत बसावे लागे. इ.स. २०१८ मधील ४.१७ आवृत्तीत आठ घडणी एकदम निरोप घेत्या झाल्या, आणि जानेवारी २०२४ मधील ६.७ आवृत्तीत इंटेलची एकेकाळची महत्त्वाकांक्षी इटॅनियम घडणही गेली. ज्यांच्याजवळ ती यंत्रे होती त्यांना हे कटू वाटले असल्यास नवल नाही. पण ज्या घडणीला सांभाळणारा कोणी उरला नाही, तिच्या फायली ठेवणे म्हणजे ज्याची कोणी परीक्षा करीत नाही असा मजकूर इतरांच्या मार्गात ठेवणे होय.

हे काम संपले आहे असे मात्र नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोल्नार यांनी हेडर फायलींच्या परस्परांतील गुंतागुंतीवर २,२९७ दुरुस्त्यांचा एक संच पुढे ठेवला. एक हेडर दुसऱ्यास बोलावतो, दुसरा तिसऱ्यास. अशा रीतीने एका लहान फाइलीमागे हजारो ओळींचे वऱ्हाड येते आणि कंपायलरचा वेळ खाते. या संचाने कर्नेल बांधण्याचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढतो असे त्यांचे माप होते. तो एकगठ्ठा स्वीकारला गेला नाही. इतके सर्व एका वेळी तपासणे कोणास शक्य आहे? त्यातील काही भाग मात्र पुढे तुकड्यातुकड्यांनी कर्नेलमध्ये आले.

आता या खटाटोपाचे फळ कोणते, ते सांगून हा लेख पुरा करू. इ.स. २००९ मध्ये बर्गमान यांनी सामायिक हेडरांचा एक पूर्ण संच सिद्ध केला. नव्या घडणीने नक्कल करण्याऐवजी तो संच घ्यावा आणि जेथे खरोखर निराळे असेल तेवढेच स्वतः लिहावे, अशी ही योजना. म्हणजे पंचांग सर्वांचे, आणि कोष्टक तेवढे आपल्या गावाचे. जानेवारी २०१८ मधील ४.१५ आवृत्तीत कोणासही मुक्तपणे वापरता येणारी रिस्क-फाइव्ह ही घडण लिनक्समध्ये आली ती याच वाटेने. तिचे कामांचे क्रमांकही सामायिक संचातलेच आहेत. त्याच वर्षी मद्रासच्या आयआयटीत रचलेल्या, याच घडणीच्या 'शक्ती' प्रोसेसरवर लिनक्स चालू झाले. प्रोसेसर रचणे हे मोठे काम आहेच; पण त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमही मुळापासून लिहावी लागली असती, तर एखाद्या विद्यापीठाने ते मनावर घेतले असते की नाही याची शंकाच आहे.

सारखे काय आणि निराळे काय, हे ओळखणे हा या सर्व कामाचा गाभा आहे. जे सारखे आहे ते दहा ठिकाणी ठेवले तर एखादी देवडी उघडी राहते. जे निराळे आहे ते बळेच एक केले तर कोणाचे तरी यंत्र बंद पडते. हा निवाडा कोणत्याही एका नियमाने होत नाही. प्रत्येक फाइल उघडून, तिचा इतिहास पाहून, तिच्यावर कोण अवलंबून आहे याचा विचार करूनच तो करावा लागतो. अशा कामाची वाहवा होत नाही, कारण ते नीट झाले तर वापरणाऱ्यास काहीच वेगळे दिसत नाही. तरीही ते वर्षानुवर्षे करणारी माणसे आहेत, म्हणून एकच कर्नेल आपल्या खिशातही चालते आणि पावसाचा अंदाज वर्तविणाऱ्या यंत्रातही चालते.